एका माऊसचे दोन धनी

सांगलीतल्या एका छापखान्यात २०१५ च्या दिवाळी अंकाची पानं लागत होती, तेव्हा मला तिथून निरोप आला. माऊस वेड्यासारखा करतोय, येऊन बघून जा. मी पोचलो तेव्हा अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंच्या टेबलावर एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि एक माऊस होता. टेबलाखाली संगणक मात्र दोन. मॉनिटरशेजारी तळहाताएवढी काळी डबी होती आणि तिच्यावर एक बटण. बटण दाबलं की पडदा, कीबोर्ड आणि माऊस एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचे. अशा डबीला केव्हीएम स्विच म्हणतात. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माऊस.

दोन संगणक कशाला, असा प्रश्न मराठी छापखान्यात काम केलेला माणूस विचारणार नाही. जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि श्रीलिपीचे फाँट होते. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. पंधरा वर्षांचा मजकूर त्याच फाँटमध्ये साठलेला. दुसरीकडे उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली, म्हणून छापखान्याच्या काकांनी त्या संगणकाची इंटरनेटची वायरच काढून टाकली होती. ईमेल, फोटो आणि लेखकांकडून येणारा युनिकोड मजकूर हे सगळं नव्या संगणकावर. एका टेबलावर दोन मॉनिटर आणि दोन माऊस मावत नव्हते, म्हणून मधे ही डबी.

तक्रार ताईंनी नेमकी सांगितली. "दादा, नव्यावर कधीच त्रास नाही. जुन्यावर आलं की एखाद्या दिवशी बाण उजव्या वरच्या कोपऱ्यात पळत सुटतो. मेनू आपोआप उघडतात. काल तर फाइलच बंद झाली. पण रोज नाही होत. परवा दिवसभर एकदम छान चालला होता."

तोवर तीन नवे माऊस आणून झाले होते. तिन्हींनी तेच केलं.

असा माऊस सापडला की बहुतेक जण पहिला आरोप माऊसवर करतात. दुसरा व्हायरसवर, तिसरा वायरीवर. मला मात्र ताईंच्या बोलण्यातले दोन शब्द महत्त्वाचे वाटले: "रोज नाही". तुटकी वायर वार बघत नाही. एखादी गोष्ट काही दिवशी होते आणि काही दिवशी होत नाही, तेव्हा त्या दिवसांमध्ये फरक काय, हे शोधायचं असतं. तो फरक शोधायचा तर माऊस आणि संगणक एकमेकांशी काय बोलतात ते आधी माहीत हवं.

त्या माऊसची पिन गोल, हिरवी होती. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ नावाचे संगणक आणले, त्यांच्याबरोबर हा सॉकेट आला आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे कीबोर्डासाठी जांभळा आणि माऊससाठी हिरवा रंग ठरला. पिना सहा, पण कामाच्या चारच. एकीतून पाच व्होल्ट वीज येते, एक जमिनीची, एक माहितीची आणि एक ताल धरणारी, म्हणजे क्लॉकची. माहितीचा प्रत्येक बिट या तालावर सरकतो.

या माऊसला वीज मिळाली की तो आधी स्वतःची तपासणी करतो. सगळं ठीक असेल तर १०१०१०१० असा बाइट पाठवतो आणि पाठोपाठ एक शून्य. शून्याचा अर्थ "मी साधा माऊस". मग तो गप्प बसतो. तुम्ही तो टेबलभर फिरवा, तो एक अक्षर बोलणार नाही. संगणकाने "आता कळवायला लाग" असा हुकूम दिला, तरच तो हालचाल कळवू लागतो. एरवी ही सगळी बोलणी संगणक चालू होताना उरकतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

हालचाल कळवायची ती तीन बाइटांच्या गठ्ठ्यात. पहिल्या बाइटात बटणांची स्थिती, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाकाचा माऊस आणला तेव्हा प्रश्न आला, चाकाची हालचाल लिहायची कुठे? तीन बाइटांत जागा नव्हती. चौथा बाइट जोडावा, तर जुन्या संगणकांना तो कळणार नाही. त्यावर काढलेली युक्ती मला आजही फार आवडते. ती दारावर ठरावीक टकटक करण्यासारखी आहे. संगणक माऊसला ओळीने तीन हुकूम देतो: सेकंदाला २०० वेळा कळव, मग १०० वेळा, मग ८० वेळा. मग विचारतो, तू कोण? साधा माऊस हे हुकूम निमूट पाळतो आणि "शून्य" म्हणतो. चाकाचा माऊस ही टकटक ओळखतो, "तीन" म्हणतो आणि तिथून पुढे चार बाइटांचे गठ्ठे पाठवू लागतो. म्हणजे तीन की चार, हे सुरुवातीला एकदाच ठरतं. दोघांनी ते लक्षात ठेवायचं. पुढे कोणत्याही गठ्ठ्यावर "हा चारचा आहे" असं लिहिलेलं नसतं.

आता मधे डबी आली. ज्या संगणकाकडे बटण नाही, त्याला माऊस दिसत नाही. चालू होताना त्याला माऊस सापडलाच नाही, तर तो माऊसशिवायच चालू होईल आणि नंतर बटण दाबून काही उपयोग होणार नाही. म्हणून डबीत एक छोटी चिप असते. ती गैरहजर माऊसच्या वतीने उत्तरं देते. चांगल्या डबीतली चिप दोन्ही संगणकांशी काय ठरलं ते वेगवेगळं लक्षात ठेवते आणि बटण दाबताच खऱ्या माऊसचे गठ्ठे त्या त्या संगणकाच्या भाषेत करून देते. स्वस्त डबीतली चिप एवढं करत नाही. ती "मी साधा माऊस" एवढंच सांगून वेळ मारून नेते आणि बटण दाबलं की माऊसची वायर सरळ जोडून देते.

मी ताईंना विचारलं, सकाळी संगणक कोण चालू करतं, कसं करतं? त्या म्हणाल्या, "मी आले की आधी जुना लावते, तो उठेपर्यंत झाडून घेते, मग नवा. काका लवकर आले तर ते भिंतीवरचं मेन बटण दाबतात, दोन्ही एकदम चालू होतात."

आणि परवा, छान चालला त्या दिवशी? परवा काका बाहेरगावी गेले होते.

फरक सापडला. दोन्ही संगणक एकदम चालू व्हायचे, तेव्हा डबीचं बटण नव्याकडे असायचं. नव्याने खऱ्या माऊसशी बोलून चार बाइट ठरवले. त्याच वेळी जुन्याने टकटक केली ती डबीतल्या चिपकडे. तिने "शून्य" म्हटलं आणि जुन्याने तीन बाइट ठरवले. दुपारी ताईंनी बटण दाबून माऊस जुन्याकडे आणला. माऊस चार-चार बाइट पाठवतोय आणि जुना संगणक तीन-तीन मोजून घेतोय.

यातून काय होतं ते मी कागदावर मांडून दाखवलं, तेच इथे देतो. समजा ताई माऊस सरळ उजवीकडे ओढतायत, प्रत्येक वेळी ५ घरं. माऊसच्या पहिल्या बाइटात कोणतंही बटण दाबलेलं नसताना ८ हा आकडा असतो, कारण त्यातला चौथा बिट नेहमी १ ठेवायचा असा नियम आहे. मग आडवे ५, उभे ०, चाक ०. माऊस पाठवतो: ८, ५, ०, ०. पुन्हा ८, ५, ०, ०. पुन्हा ८, ५, ०, ०. एकूण बारा बाइट, तीन गठ्ठे.

संगणक त्याच बारा बाइटांचे तीन-तीनचे चार गठ्ठे करतो. पहिला ८, ५, ०, म्हणजे उजवीकडे ५. बरोबर. दुसरा ०, ८, ५, म्हणजे उजवीकडे ८ आणि वर ५. तिसरा ०, ०, ८, म्हणजे वर ८. चौथा ५, ०, ०. इथे ५ हा आकडा बटणांच्या जागी पडला आणि बटणांच्या भाषेत ५ म्हणजे डावं बटण आणि मधलं बटण, दोन्ही दाबलेली. लगेच पुढचा ८ येतो आणि बटणं सुटतात. म्हणजे क्लिक झालं.

बेरीज करा. उजवीकडे १३, वर १३. हात सरळ आडवा चाललाय आणि बाण बरोबर तिरका, उजव्या वरच्या कोपऱ्याकडे पळतोय, वाटेत क्लिक करत. विंडोजमध्ये खिडकी बंद करायची फुली त्याच कोपऱ्यात असते. ताईंची फाइल बंद झाली ती अशी. खऱ्या हाताची हालचाल दर क्षणी बदलते, म्हणून आकडे इतके एकसारखे येत नाहीत, पण वागणं याच जातीचं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं माऊसच्या अंगात आलंय. खरं तर माऊसने एकही चूक केलेली नसते. संगणकानेही नाही.

तो नेहमी १ राहणारा चौथा बिट खरं तर गठ्ठ्याचं तोंड ओळखायची खूण आहे. संगणकातला ड्रायव्हर ती कसून तपासत असेल तर ०, ८, ५ हा गठ्ठा बघताच त्याला संशय येतो आणि तो गठ्ठा टाकून देतो. मग बाण पळत नाही, अडखळत चालतो. लिनक्समध्ये आणखी एक सोय आहे: गठ्ठा अर्धा हाती आलेला असताना अर्धा सेकंद पुढचा बाइट आलाच नाही, तर आलेला तुकडा फेकून तो नव्याने मोजायला लागतो आणि 'लॉस्ट सिंक्रोनायझेशन' अशी नोंद करून ठेवतो. स्विच लावणाऱ्या लिनक्सवाल्यांना ही ओळ चांगलीच परिचयाची आहे. यातून एक उपयोगी कसोटी मिळते. बाण वेडावाकडा झाला की माऊसवरचा हात क्षणभर उचला. पुन्हा हलवल्यावर नीट चालला आणि पुढेही नीट राहिला, तर बटण दाबताना एखादा बाइट सांडला होता, एवढंच. हात उचलूनही तो पुन्हा बहकत असेल, तर तीन-चारचं भांडण आहे.

आता उपाय. पहिला उपाय फुकटचा: संगणक एकेक करून चालू करायचे आणि जो चालू होतोय त्याच्याकडे डबीचं बटण आधी न्यायचं. तो पूर्ण उठला, बाण हलतो हे पाहिलं, मगच दुसरा. दोघांचीही बोलणी खऱ्या माऊसशीच होतात आणि दोघेही चारवर ठरतात. दुसरा उपाय चाकाचा मोह सोडण्याचा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पीएस/२ माऊसच्या प्रगत सेटिंगमध्ये 'व्हील डिटेक्शन' असतं. दोन्ही संगणकांवर ते बंद केलं की कुणी टकटकच करत नाही आणि सगळे तीन बाइटांवर राहतात. लिनक्समध्ये पीएसमाऊस या ड्रायव्हरला 'प्रोटो' या नावाखाली 'बेअर' असं सांगितलं की हेच होतं. चाक चालणार नाही, पण बाण हातात राहील. तिसरा उपाय चांगली डबी घेण्याचा. पैसे लागतात, पण रोज दोन संगणकांवर काम करणाऱ्या माणसासाठी मी तोच सुचवेन. माणसाचा हात दिवसभर ज्या वस्तूवर असतो तिथे काटकसर करू नये.

छापखान्यात पहिला उपाय पुरला. काकांनी मेन बटणाशेजारी कागद चिकटवला: "आधी जुना. ताई आल्याशिवाय नवा लावू नये."

हे सगळं चौकशीतून आणि तर्काने जुळलं, पण ताईंना कारण सांगण्यापूर्वी मी तपासून घेतलं होतं. ती पद्धत कुठेही लागू पडते. आधी डबी बाजूला. दोन्ही संगणक बंद करून माऊस सरळ जुन्याला जोडला. बंद करूनच, पीएस/२ ची पिन चालू संगणकात काढाघालायची नसते, जुन्या काही मदरबोर्डांवर तेवढ्याने फ्यूज उडतो. थेट जोडल्यावर तासभर नीट चालला, म्हणजे माऊस आणि संगणक दोन्ही निर्दोष. मग डबी परत लावून तिच्या दोन वायरींची अदलाबदल केली. दोष वायरीबरोबर सरकला असता तर वायर वाईट. डबीच्या एकाच खाचेत राहिला असता तर खाच वाईट. तो दोन्हीकडे गेला नाही, चालू करण्याच्या क्रमाबरोबर गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला कठीण भाग. घाईत आपण वायर बदलतो, माऊस बदलतो आणि संगणकही पुन्हा चालू करतो. मग बरं कशाने झालं ते कळत नाही आणि आठवड्याने तोच खेळ पुन्हा.

माऊस अजिबात हलत नसेल तर आधी तो उलटा करून पोटाकडे बघा. लाल दिवा विझलेला असेल तर वीजच पोचत नाही. पिन वाकली असेल, किंवा ज्या संगणकातून डबी वीज घेते तो बंद असेल. काही माऊसचा दिवा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो, त्यांना ही कसोटी लागू नाही. दिवा लागलाय आणि बाण ढिम्म असेल, तर बोलणं तुटलंय: वीज क्षणभर गेली, माऊस पुन्हा जागा झाला, "मी साधा माऊस" म्हणून गप्प बसला आणि "कळवायला लाग" म्हणणारं कुणी उरलं नाही. गोल पिनेचे ते हिरवे अडॉप्टर, ज्यात यूएसबी माऊस खोचतात, तेही इथे फसवतात. त्या अडॉप्टरमध्ये चिप नसते, नुसत्या तारा असतात. माऊसला दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो. जुने बरेच माऊस तसे होते. आजचे बहुतेक तसे नाहीत.

यूएसबी माऊसने तीन-चारचं भांडण मुळातूनच मिटवलं. यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ मध्येच आला, चाकाच्या माऊसच्याच वर्षी. यात माऊस आपणहून काही पाठवत नाही. संगणक त्याला सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा विचारतो, काही आहे का? आणि जोडणी होताना माऊस स्वतःच सांगतो, माझ्या उत्तरात इतके बाइट असतात, पहिल्यात हे, दुसऱ्यात ते. अंदाजाला जागाच नाही. पण साध्या यूएसबी स्विचमध्ये बटण दाबणं म्हणजे माऊस एका संगणकातून उपटून दुसऱ्यात खोचणं. दर वेळी ओळख पहिल्यापासून. त्यात दोन-तीन सेकंद जातात आणि ते स्वाभाविक आहे. काही जण तेवढ्यात अधीर होऊन बटण पुन्हा दाबतात, अर्धी ओळख मोडते आणि मग माऊस खरंच अडकतो. बटण एकदा दाबून थोडं थांबणं हा इथला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तेवढं थांबूनही माऊस आला नाही तर विजेकडे बघा. यूएसबी २ चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. त्यावर डबी, दिव्यांचा कीबोर्ड, पेनड्राइव्ह आणि माऊस असे सगळे लटकले की शेवटच्याला कमी पडतं. डबीबरोबर आलेला अडॉप्टर कपाटात ठेवला असेल तर काढून लावा. संगणक आणि डबी यांच्यातली वायर लांबवत नेऊ नका. यूएसबी २ ला पाच मीटरची मर्यादा आहे. विंडोजमध्ये यूएसबी हबच्या सेटिंगमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाची खूण असते, तीही काढून बघा.

महागड्या डबीत माऊस आणि कीबोर्ड यांच्यासाठी खास खाचा असतात. तिथे ती पुन्हा जुनं काम करते, म्हणजे दोन्ही संगणकांपुढे माऊस सतत हजर असल्याचं भासवते. त्यामुळे अदलाबदल झटकन होते. पण ती साध्या माऊसचं सोंग घेते, म्हणून जास्तीच्या बटणांचा माऊस तिथे लावला तर ती बटणं मुकी होतात. तोच माऊस शेजारच्या साध्या यूएसबी खाचेत लावला की बटणं बोलू लागतात, फक्त अदलाबदल सावकाश होते. कीबोर्ड मात्र खास खाचेतच ठेवावा, नाहीतर स्क्रोल लॉक दोनदा दाबून संगणक बदलायची सोय जाते.

छापखान्यात मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो, या वेळी अडखळणाऱ्या बिनतारी माऊससाठी. नवी डबी यूएसबी ३ ची होती आणि माऊसचा नखाएवढा डोंगल तिच्या पाठीमागे, हार्ड डिस्कच्या वायरीला चिकटून खोचलेला. यूएसबी ३ च्या वायरी आणि सॉकेट काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, आणि बिनतारी माऊस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. हार्ड डिस्कवर फाइल उतरू लागली की माऊस अडखळायचा, उतरून झाली की सुधारायचा. कपाटात एक जुनी यूएसबी एक्स्टेन्शन वायर सापडली. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर, कीबोर्डाच्या पुढ्यात ठेवला. ताईंनी हार्ड डिस्कवर अंकाचा सगळा फोल्डर उतरवायला टाकला आणि तो उतरत असतानाच मुखपृष्ठावरचं शीर्षक धरून हळूहळू, एकेक घर, जागेवर सरकवलं.